ताडपत्रीखालचं पाणी

आमच्या मागच्या बाल्कनीतून सांडपाण्याचा तलाव दिसतो. फ्लॅट बघायला आलो होतो तेव्हा बिल्डरच्या माणसाने ती बाल्कनी उघडलीच नव्हती. किल्ली सापडत नाही म्हणाला. राहायला आल्यावर किल्ली दारामागच्या खिळ्यालाच लटकलेली मिळाली आणि दार उघडल्याबरोबर त्याने काय लपवलं होतं ते कळलं.

आजूबाजूच्या सेक्टरांतलं घाण पाणी आधी त्या तलावात येऊन साठतं आणि तिथून पुढे शेजारच्या प्लांटमध्ये साफ व्हायला जातं. तलाव चांगला मोठा, चौकोनी, चारी बाजूंनी बांध आणि बांधाभोवती तारेचं कुंपण. कुंपणाला लागून नाला, नाल्यापलीकडे तिवरं आणि तिवरांमागे बेलापूरची खाडी. दुपारी वारा पडला की अशी घाण सुटायची की वाळत घातलेले कपडे आत घ्यावे लागायचे. पाहुणे आले की आम्ही त्यांना पुढच्या खोलीत बसवायचो आणि मागचं दार चुकूनही उघडायचो नाही. म्हणजे बिल्डरच्या माणसाने जे केलं तेच आम्हीही करत होतो.

सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे कायमचे राहायला आले आणि त्यांनी मागची खोलीच मागून घेतली. ते साताऱ्याकडच्या एका दूध शीतकरण केंद्रात नोकरीला होते. गावोगावचं दूध कॅनमधून यायचं. कॅनचं झाकण उघडलं की आधी हे नाक पुढे करायचे, मशीन नंतर. दूध आंबायला लागलंय का, धुरकट झालंय का, कॅन नीट धुतलाय का, हे त्यांना नुसत्या वासावर कळायचं. त्यांनी नको म्हटलेला कॅन परत जायचा. आयुष्यभर लोकांनी त्यांना फसवायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे समोरचा फसवतोयच असं धरूनच ते चालायचे. आमच्या सोसायटीचा वॉचमन, भाजीवाला, घरी येणारा इलेक्ट्रिशियन, माझा नवरा म्हणजे त्यांचा स्वतःचा मुलगा, कुणाचीही यातून सुटका नव्हती.

माझ्यावर मात्र त्यांचा जीव होता. मी वाशीला मसाला मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात काम करते. संध्याकाळी घरात शिरले की मी चप्पल काढायच्या आत ते खुर्चीतून म्हणायचे, "आज धणे उतरलेत वाटतं." किंवा, "दगडफूल. आणि थोडं शहाजिरं." दिवसभर गोण्यांच्या जवळून ये-जा केल्यावर साडीला जो वास बसायचा त्यावरून ते ओळखायचे. बहुतेक वेळा बरोबर असायचं. मला त्यात गंमत वाटायची आणि त्यांना अभिमान.

तलावाच्या वासाबद्दल सोसायटी वर्षानुवर्षं तक्रार करत होती. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ते काम अंगावर घेतलं. सकाळी उठून बाल्कनीत जायचं, दोन-तीन दीर्घ श्वास घ्यायचे आणि प्लांटला फोन लावायचा. तिथल्या इंजिनिअर मॅडम पस्तिशीच्या असतील, विदर्भाकडच्या. त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या. बाबा त्यांना सांगायचे, "आज नेहमीचा नाही, सडक्या अंड्याचा येतोय. तुमचं काहीतरी बंद पडलंय." एकदा खरंच काहीतरी बंद पडलेलं निघालं होतं. तेव्हापासून मॅडम त्यांचा फोन आला की उचलायच्याच.

मग एका हिवाळ्यात तलावाच्या बांधावर काळ्या प्लास्टिकचे मोठमोठे रोल येऊन पडले. मॅडम सोसायटीत येऊन समजावून गेल्या. सगळ्या तलावावर जाड आवरण घालणार, ते पाण्यावर तरंगत राहणार. वास आणि गॅस खालीच अडकणार, गॅस पाइपाने ओढून जाळणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा मागे बसले होते. घरी येताना लिफ्टमध्ये म्हणाले, "झाकायला एवढा खर्च कोण करतं? ज्याला काहीतरी लपवायचंय तो."

काम आम्ही बाल्कनीतून बघत होतो. माणसं रोल उलगडायची, एका पट्टीची कड दुसरीवर चढवायची आणि तापलेलं छोटं मशीन त्या जोडावरून चालवत न्यायची. असा मोठा तुकडा तयार झाला की पलीकडच्या बांधावरून दोर लावून तो पाण्यावरून ओढत न्यायचा. खाली फोमचे तरंगते पट्टे होते. वरून वाळू भरलेले लांब पाइप आडवे टाकले, म्हणजे त्या ओळींत आवरण दबून चर तयार होईल आणि पावसाचं पाणी त्यात जमेल. कडा बांधावर खणलेल्या चरात पुरल्या. सोसायटीत सगळे त्याला ताडपत्री म्हणायला लागले.

आमच्या सेक्रेटरींनी एक वेगळीच गोष्ट पसरवली होती. ते म्हणायचे, "आधी झाकायचं, मग लोक विसरले की भराव टाकायचा, मग टॉवर. या शहरात अशीच तळी गायब झालीत." ते ऐकून अर्ध्या लोकांनी ताडपत्रीचे फोटो काढून ठेवले. बाबांना टॉवरची भीती नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की आतापर्यंत पाण्याची पातळी वरून दिसत होती. रात्रीतून पाणी कमी झालं तर विचारता येत होतं, कुठे गेलं. आता खाली काय चाललंय ते कुणालाच दिसणार नाही.

"मॅडमना दिसेल ना," मी म्हटलं.

"त्यांना दिसतं तेच त्या आपल्याला सांगतील असं कुठे आहे?"

काम संपत आलं त्याच सुमारास बाबांना ताप आला. खोकला, अंगदुखी, तोंडाला चव नाही. काही दिवसांत उतरला. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, सगळीकडे चालू आहे. ते उठून पुन्हा बाल्कनीत बसायला लागले तोवर तलाव पूर्ण झाकून झाला होता. आणि वास गेला होता. मी पहिल्यांदाच मागच्या दोरीवर दुपारभर कपडे ठेवले.

"आता बरं वाटतंय ना, बाबा?" मी विचारलं.

"कसलं बरं? इतका वास एकदम जातो कुठे?" ते म्हणाले.

मला वाटलं, नेहमीचंच आहे.

उन्हाळ्यात ताडपत्री जागोजागी फुगली. दुपारी मोठमोठे उंचवटे यायचे आणि संध्याकाळी बसायचे. कुणीतरी ग्रुपवर लिहिलं की हा गॅसचा साठा आहे, ठिणगी पडली तर दोन्ही विंग उडतील. एका बाईंनी मुलांना माहेरी पाठवलं. मॅडमनी परत येऊन सांगितलं की पाइपातून गॅस ओढणारी मोटर दुरुस्तीला काढली होती म्हणून फुगलं, धोका नाही. फुगवटे खरंच बसले. पण त्यानंतर सोसायटीत ताडपत्रीकडे कुणी सरळ नजरेने बघेनासं झालं.

याच दिवसांत माझ्या लक्षात यायला लागलं की बाबा माझ्या साडीबद्दल काही बोलत नाहीत. आधी वाटलं, तलावाच्या नादात असतील. मग एकदा सकाळी दूध नासलं होतं आणि मला कळायच्या आत त्यांनी स्वतःसाठी त्याचा चहा करून घेतला. अर्धा पिऊनही झाला होता. मी कपात बघितलं तर चहा फाटलेला, वास तर पातेल्याजवळ गेल्याबरोबर येत होता. मी म्हटलं, "बाबा, दूध गेलंय." ते म्हणाले, "माहितीये. टाकून कशाला द्यायचं?" ज्या माणसाने पन्नास-पन्नास लिटर दूध परत पाठवलं तो हे म्हणत होता. मी कप उचलून बेसिनमध्ये ओतला.

आमच्याकडे दिवाळे गावची एक कोळीण मासळी घेऊन येते. गेटपाशी टोपली ठेवून बसते. बाबा मूळचे शाकाहारी घरातले, पण नवी मुंबईत येऊन मासे खायला लागले आणि मासे निवडायचं कामही त्यांनीच घेतलं. एक दिवस तिने मला एकटीला गाठलं.

"सूनबाय, राग नको धरू. तुमचं बाबा पयले मासली नाकाला लावल्याबिगर घेत नव्हतं. आताव लावतान. पन परवा टोपलीत कालचा बांगडा वर आला चुकून, मीच परत घेनार होते. त्यांनी नाकाला लावला न पिशवीत टाकला. मना वाटला मस्करी करतान. पन नाय."

"कालचा बांगडा तू दिलास कशाला?" मी म्हटलं. तिच्यावर संशय घेणं मला सोपं गेलं.

"बदलून दिला मी. तू बांगड्याचा इचारतेस, मी बाबांचा सांगते," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. जाता जाता एवढंच म्हणाली, की नाल्याच्या तोंडाशी हल्ली चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, मिळत नाहीत. आमच्या ताडपत्रीचं पाणी तिकडेच जातं ना?

मी त्या दिवशी दोन्ही गोष्टी डोक्यात घेऊन वर आले आणि त्यातली दुसरी विसरून गेले.

दुसऱ्या आठवड्यात मी एक प्रकार केला. ऑफिसात दिवसभर लवंगेचा माल आला होता. माझे हात, पदर, केस, सगळं लवंगेने भरलं होतं. बसमध्ये शेजारची बाई सारखी माझ्याकडे बघत होती. घरी आल्यावर मी मुद्दाम बाबांच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ओळखा बघू, आज काय आलंय?"

ते थोडं थांबले. मग म्हणाले, "मिरची. सीझन आहे."

"बरोबर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे मान वर करून बघितलं. बराच वेळ बघत होते. "परीक्षा घेतेस?" त्यांनी विचारलं.

"नाही हो."

"मिरची असती तर तुला बोलतानाही ठसका आला असता," ते म्हणाले आणि बाल्कनीत निघून गेले.

मी नवऱ्याला सांगितलं. तो बेलापूरला सरकारी ऑफिसात आहे, त्याला सगळ्या गोष्टी आपोआप मिटतात असं वाटतं. "वय झालंय त्यांचं. तू टेन्शन घेऊ नको आणि त्यांनाही देऊ नको," तो म्हणाला. पण घरात काहीतरी बदललं. मी गॅस बंद आहे का ते पुन्हा पुन्हा बघायला लागले. मी बघते हे बाबा बघायला लागले. मी त्यांच्या कपात डोकावले की ते कप हाताने झाकायचे. दुपारी ते फिरायला म्हणून बाहेर जायचे आणि कुठे जातात ते सांगायचे नाहीत. "बागेत," म्हणायचे. बाग मुख्य गेटसमोर आहे आणि वॉचमन म्हणाला, काका तर मागच्या गेटने जातात.

पावसाळ्यात ताडपत्रीवर पाणी साचायचं. वाळूच्या पाइपांच्या ओळींत तयार झालेल्या चरांमधून ते एका खोलगट जागी जमायचं. तिथे एक पंप ठेवला होता आणि त्याचा निळा होजपाइप बांध ओलांडून नाल्यात सोडलेला होता. पाणी साचलं की पंप आपोआप सुरू व्हायचा, संपलं की बंद. पावसाचंच पाणी ते, नाल्यात सोडायला हरकत नाही, असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. बाबा रोज त्या होजपाइपाकडे बघत बसायचे.

गणपती झाले, नवरात्र झालं, पाऊस गेला. ऑक्टोबरचं ऊन चटके देऊ लागलं. एका रविवारी सकाळी बाबांनी मला बाल्कनीत बोलावलं. इतक्या दिवसांत त्यांनी आपणहून मला हाक मारली नव्हती.

"तो निळा पाइप बघ."

मी बघितला. त्यातून पाणी पडत होतं.

"शेवटचा पाऊस कधी झाला?"

मी आठवायचा प्रयत्न केला. आठवडा होऊन गेला असेल. ताडपत्री उन्हात कोरडी ठणठणीत दिसत होती, तिच्यावर धुळीचे पट्टे उमटले होते. फक्त पंपाजवळ ओलं होतं.

"मग हे पाणी कुठून येतंय?" बाबांनी विचारलं.

मी वाकून पुन्हा पाइपाकडे बघितलं. ते म्हणाले, "चल माझ्याबरोबर. मी एकटा गेलो तर उपयोग नाही."

आम्ही मागच्या गेटने बाहेर पडून नाल्याच्या काठाने चालत गेलो. पाइपाचं तोंड नाल्यात जिथे सुटतं तिथे पोहोचायच्या आधीच मला वास आला. तो जुना वास, वर्षभरात विसरलेला. मी पदर नाकाला लावला. बाबा पुढे गेले, अगदी काठावर, आणि वाकून पाण्याकडे बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच फरक पडला नाही.

"रंग करडा आहे," ते म्हणाले. "पावसाचं पाणी असं नसतं. पण रंगाने सिद्ध काही होत नाही, धूळ आहे म्हणतील." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "वास येतोय का?"

मला आधी कळलंच नाही की ते खरंच विचारतायत.

"येतोय, बाबा. खूप येतोय."

"कसला?"

"तलावाचा. पूर्वी यायचा तोच."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "बघितलंस? मी म्हणत होतो. ताडपत्रीच्या आडून कच्चं पाणी सोडतायत. प्लांट चालवायला वीज लागते, नाल्यात सोडायला काही लागत नाही."

आम्ही तसेच प्लांटच्या गेटवर गेलो. रविवार होता तरी मॅडम आल्या होत्या. त्यांच्या केबिनमध्ये आम्हाला बसवलं. मी सगळं सांगितलं, बाबा मधे मधे भर घालत होते आणि त्यांचा आवाज चढत होता. मॅडमनी ऐकून घेतलं. नेहमीसारखंच शांतपणे, पण या वेळी त्यांच्या शांतपणात काहीतरी वेगळं होतं. आमचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ताडपत्रीला कुठेतरी भोक पडलं असणार असा मलाही दोन दिवसांपासून संशय आहे. खालचा गॅस एकदम कमी झालाय. माणसं शोधतायत. पण काका, मला तुम्हाला एक विचारायचंय."

त्यांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन आमच्याकडे वळवला. कुंपणावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं. दुपारचं ऊन, कुंपणालगतची पायवाट आणि त्यावर बाबा. हातात छत्री मिटलेली. मॅडमनी पुढचं चित्र लावलं. वेगळा दिवस, शर्ट वेगळा, पण बाबाच. मग आणखी एक.

"हे जवळजवळ रोजचं आहे," त्या म्हणाल्या. "सिक्युरिटीने मला कधीपासून सांगितलंय. मी म्हटलं, राहू द्या, काका आहेत. पण आता ताडपत्रीला भोक आहे, तुम्ही पहिल्यापासून तिच्या विरोधात आहात आणि तुमच्या हातात टोकदार छत्री आहे. वरून मला विचारतील तेव्हा मी काय सांगू?"

मी बाबांकडे बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी माझ्याही मनात आलं. बागेत जातो म्हणाले होते. मागच्या गेटने जायचे. परीक्षा घेते म्हणून माझ्यावर चिडले होते. ते असं करतील का, याचं उत्तर मला चटकन नाही असं देता आलं नाही.

मग मी स्क्रीनकडे नीट बघितलं. चित्रातले बाबा कुंपणाच्या जाळीपाशी जाऊन उभे राहत होते. तिथे छत्री काखेत मारलेली असायची, तिचं टोक त्यांनी एकदाही पुढे केलं नव्हतं. ते मान वर करायचे, डोळे मिटायचे आणि छाती भरून श्वास घ्यायचे. थांबायचे. पुन्हा घ्यायचे. मग चार पावलं पुढे सरकून तेच. एका चित्रात त्यांनी चेहरा जाळीला अगदी टेकवला होता.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही वास घेत होता."

मॅडमना काही समजलं नाही. त्या एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघत होत्या. बाबांनी चष्मा काढून हातात धरला.

"ताप आला होता तेव्हा गेला," ते म्हणाले. "मला आधी वाटलं, ताडपत्रीमुळे वास गेलाय. सगळेच म्हणत होते वास गेला, वास गेला. मलाही खरंच वाटलं. मग दुधाचा येईना, साबणाचा येईना. म्हटलं, तलाव बंद झालाय का मी बंद झालोय, ते बघावं. कुंपणाजवळ थोडा तरी येत असेल. म्हणून जायचो." हातातला चष्मा मिटत म्हणाले, "कधी आला नाही."

मॅडमनी स्क्रीन पुन्हा स्वतःकडे वळवला आणि बंद केला.

"मला सकाळी फोन यायचे बंद झाले तेव्हा मी समजले, ताडपत्री काम करतेय," त्या म्हणाल्या. मग उठल्या. "चला, पंपापासूनच बघू. तुम्ही म्हणता तसं तिथेच ओलं आहे."

आम्हाला बांधाच्या आत येऊ दिलं नाही, कुंपणाजवळच्या ओट्यावर उभं केलं. लाइफ जॅकेट घातलेली दोन माणसं कमरेला दोर बांधून ताडपत्रीवर उतरली. प्रत्येक पावलाला आवरण त्यांच्या पायाखाली खाली जायचं आणि बाजूला लाट उठल्यासारखं वर यायचं. बांधावर आणखी दोघांनी दोर धरले होते. पंपापर्यंत पोहोचायला त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी पंप बंद केला, दोघांनी मिळून तो उचलून बाजूला ठेवला आणि एकजण गुडघ्यावर बसून हाताने चाचपडायला लागला. मग त्याने ओरडून सांगितलं, "मॅडम, इथेच आहे."

पंपाच्या खालच्या लोखंडी स्टँडची कड ताडपत्रीवर घासत होती. पंप सुरू झाला की थरथरायचा आणि दर थरथरीला ती कड थोडी थोडी आत जायची. सगळा पावसाळा तेच चाललं होतं. शेवटी हात जाईल एवढं भोक पडलं. खालचं घाण पाणी त्यातून वर यायचं, पाणी साचलंय असं समजून पंप सुरू व्हायचा आणि ते सगळं नाल्यात टाकायचा. पंपाखाली रबरी गादी असायला हवी होती. ती कुणी घातलीच नव्हती. बाबांनी ठरवलं होतं तसं मुद्दाम कुणी काही सोडलं नव्हतं आणि मॅडमना वाटलं होतं तसं कुणी काही फाडलंही नव्हतं.

मॅडम ओट्यापाशी आल्या. "चूक आमची आहे, काका. पंप मीच पास केला होता," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्याबद्दल जे मनात आलं त्याबद्दल सॉरी."

"मनात यायलाच पाहिजे होतं," बाबा म्हणाले. "मी तुमच्या जागी असतो तर दोन महिने आधी पकडलं असतं मला."

त्या हसल्या. बाबा हसले नाहीत. ते खरंच तसं म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी भोकावर ठिगळ वितळवून बसवलं. नाल्यातला वास दोन-चार भरतींमध्ये धुऊन गेला. खाडीत किती गेलं, ते कुणालाच सांगता आलं नाही. कोळणीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भोक बुजवला तं बरा झाला. चिंबोरी येते का नाय ते पुढं बघू." चिंबोरी आली की नाही हे मी तिला नंतर विचारलं, तर तिने खांदे उडवले. तिवरांपलीकडे आणखी किती पाइप नाल्यात सुटतात ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

सोसायटीत मात्र भलतीच चर्चा झाली. कॅमेऱ्यात बाबा सापडले एवढंच लोकांपर्यंत पोहोचलं. सेक्रेटरींनी मला जिन्यात थांबवून हळूच विचारलं, "काकांनी काही केलं होतं का?" मी त्यांना पंपाची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ऐकली, मान हलवली आणि म्हणाले, "हो, प्लांटवाले असंच सांगणार." बाबांना हे कळलं तेव्हा त्यांना राग आला नाही. उलट सेक्रेटरींबद्दल त्यांचं मत थोडं सुधारल्यासारखं वाटलं.

मी त्यांना वाशीच्या एका कान-नाक-घसा डॉक्टरांकडे नेलं. नवरा रजा काढून आला. डॉक्टर म्हणाले, अशा तापानंतर होतं, पुष्कळांचं परत येतं, काहींचं येत नाही, सांगता येत नाही. रोज ठरावीक वासांचा सराव करा म्हणाले. बाबांनी बाहेर येऊन विचारलं, "सांगता येत नाही याची फी घेतली?" पण सराव सुरू केला. मी ऑफिसातून लवंग, वेलची, जिरं असं थोडं थोडं आणून डब्यांत भरून दिलं. सकाळी बाल्कनीत बसून ते एकेक डबी उघडतात, नाकाशी धरतात आणि काय आठवतं ते मोठ्याने सांगतात. सुरुवातीला मला ते ऐकवत नसे. लवंगेच्या डबीशी ते म्हणायचे, "तुझ्या सासूबाईंचा दात दुखायचा तेव्हा." म्हणजे वास नाही, नुसती आठवण.

घरात आता चोरून काही बघावं लागत नाही. दूध आलं की ते पातेलं माझ्यासमोर धरतात आणि मी वास घेऊन सांगते. मासळी निवडताना कोळीण स्वतःच म्हणते, "बाबा, ही नको, ती घ्या." ते तिच्याकडे रोखून बघतात, आपल्याला फसवतेय का ते ठरवतात आणि तीच घेतात.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी डबा भरत होते तेव्हा बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "काहीतरी जळतंय," ते म्हणाले. "रबर जळाल्यासारखं."

मी गॅस बघितला, मिक्सर बघितला, प्लगच्या जागांना हात लावून बघितला. नवऱ्याने मीटरपर्यंत जाऊन बघितलं. काही जळत नव्हतं. आम्हाला दोघांनाही कसलाच वास येत नव्हता. ओट्यावर फक्त ताजी कॉफी होती.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, परत यायला लागलं की कधी कधी असं उलटंसुलटं येतं. चांगला वास घाण वाटतो. बऱ्याचदा हे बरं लक्षण असतं.

बाबांनी कॉफीचा कप उचलून नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि तो परत ठेवला. "हाच," ते म्हणाले. "घाण आहे. पण येतोय."

तेव्हापासून दिवसातून एकदा तरी ते म्हणतात की काहीतरी जळतंय, किंवा सडलंय, किंवा कुठूनतरी गळतंय. बहुतेक वेळा काही नसतं. तरी मी हातातलं काम ठेवते, उठते आणि सगळं घर फिरून बघून येते.